तीनदा कोण विचारणार?

हॅलो?… हां, बोल पुर्वांती… अगं, रडतेस का? आधी नाक पूस, मला एक अक्षर कळत नाहीये… थांब, कढईतून सोयाबीनच्या टेम्पेचा घाणा काढते… हां, आता सांग.

काय विचारलं ग्रॅहम साहेबांनी?… हेड कुक? तुला? अगं बाई! अकरा वर्षं त्या हॉटेलात कांदे चिरतेयस… मग? काय म्हणालीस?… नको?!

हो, हो… कळतंय मला. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा मान खाली घालून, 'बरं, तुम्ही म्हणताच तर.' आईनं मलाही तेच शिकवलंय. पण साहेब काय आपल्या जावा बेटावरचा आहे? तो ऑस्ट्रेलियाचा, पर्थचा! त्यानं एकदा विचारलं, तू नको म्हणालीस, तो 'ओके' म्हणून चालता झाला. तीनदा कोण विचारणार तुला?

आता दुसरीला बोलावलंय?… चार वाजता?… ती सुराबाया शहरातली? झालं! ती कसली लाजतेय, ती खुर्चीसकट नोकरी घेऊन जाईल.

अगं ऐक ना… रडू नकोस, साडेतीनच झालेत. त्याच्यासमोर जा आणि सरळ म्हण, 'आय वाँट'… का नाही?… उद्धट? छे गं, त्यांच्यात रोजचा शब्द आहे तो. हाँगकाँगला मी घरकामाला होते ना, तिथल्या मॅडमचं पोर उठल्यापासून तेच. वाँट दूध, वाँट चेंडू, वाँट टू गो. आणि मॅडम मला म्हणायची, 'यू वाँट टू वॉच दॅट पॅन.' मी मनात म्हणायची, मला कुठे बघायचंय? तर म्हणे, लक्ष ठेव, दूध उतू जाईल… हसलीस ना?… हो, चोराच्या फोटोखाली 'वाँटेड' लिहितात तोही हाच. पोलिसांना चोर मागायची लाज नाही, आणि तुला नोकरी मागायची?

म्हण बघू… हे काय, 'मेबी, इफ पॉसिबल'? ते शेपूट काप आधी… पुन्हा… मोठ्यानं… हां!

फोन बंद करू नकोस. एप्रनच्या खिशात टाक आणि जा. मी आहे.

…काका, दोन मिनिटं हो. टेम्पे कुठे पळून जात नाहीत. माझी बहीण नोकरी मागतेय…

…दार वाजवलं… बोल… बोल ना गं बये… म्हणाली! काका, म्हणाली!…

हॅलो? पुर्वांती?… दिली?! अगं माझी गुणाची गं!… आणखी काय म्हणालीस?… वाँट मोठी कढई… वाँट रविवारी सुट्टी… अगं पुरे! एकदा तोंड उघडलं तर… मदतीला बाईसुद्धा? आणि तो हो म्हणाला?

कोण बाई?… मी?… नको गं. ठेला कोण बघणार? नको, राहू दे माझं…

काय?… 'बरं, मग दुसरीला विचारते'? हॅलो? ठेवू नकोस! पुर्वांती, ऐक… मला यायचंय. नऊ वर्षं इथे एकटी तळत बसलेय, कंटाळलेय गं मी. मला यायचंय, हो, मीच म्हणतेय… सोमवारी? येते. येतेच!

ठेवते आता… काका, किती हवेत टेम्पे? सगळेच घ्या.