आखाजीचा झोका घरात

तपासणीला आलेली बाई झोका मागेल, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का? पारोळ्याजवळच्या आमच्या गावात सरकारी घरकुलं झाली तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सखूअक्काचं घर बाहेरून पांढरंशुभ्र, पण पत्र्याखालचं आढं म्हणजे चुलीत घालायचं लाकूड. ठेकेदाराने तिला आधीच दम दिलेला, "बोललीस तर घर दुसऱ्याला जाईल."

जळगावहून तपासणीला साहेबबाई आल्या, ठेकेदारही सोबत. मी काही काम नसताना दारात उभीच!

"अक्का, घर कसं आहे?"

"बेस शे, बाई. लिखी टाका," अक्का खाली बघत म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस, बाहेर निंबाला पोरींचा झोका बांधलेला. "तो दोर सोडा, इथे आढ्याला बांधा," बाई म्हणाल्या. मग ठेकेदाराकडे वळल्या, "बसा भाऊ."

"मी? अहो, माझं वजन..."

"अक्काची नातवंडं याच्याखाली झोपणार. बसा."

मीही म्हटलं, "बस ना भाऊ, आम्ही गाणं म्हणतो!"

पण गडी काही बसला नाही. बाई सही न करताच निघाल्या. माझं घर गेलं म्हणून अक्का रडायला लागली, "गयं मनं घर!"

सहीशिवाय बिल निघेना, म्हणून पावसाळ्याआधी ठेकेदाराला नवं आढं टाकावंच लागलं. बाई परत आल्या, दोर मागवला, पदर खोचला आणि स्वतःच झोक्यावर बसल्या. काय उंच झोका घेतला हो! अक्काने डोळे गच्च मिटलेले. आढं करकरलंसुद्धा नाही. उतरल्यावर त्यांनी सही केली.

अक्काने डोळे उघडून वर पाहिलं. "माय वं," ती म्हणाली, "आते हाई घर मनं शे."