आखूड व्हेक्टर

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजल्या गालावर रुमाल दाबून बसल्या होत्या. शेजारच्या निवृत्त हिशेबनिसांचा फोन स्पीकरवर, त्यामुळे कान द्यायचा नाही म्हटलं तरी इलाज नव्हता. पलीकडून त्यांची मुलगी शिकवत होती.

“बाबा, या संगणकाच्या भाषेत एक्सेलसारखं सूत्र खाली ओढत बसायचं नाही. अख्खा कॉलम म्हणजे एक व्हेक्टर. दोन व्हेक्टरांची बेरीज एका फटक्यात होते.”

“जेवलीस का?”

“हो. आता सांगा, एकात सहा आकडे आणि दुसऱ्यात दोनच असले तर?”

“तर गाडं अडणार.”

“नाही अडत. आखूड व्हेक्टर संपला की पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू होतो, लांबडा संपेपर्यंत.”

“कुरकुर न करता?”

“बरोब्बर पुरत असला तर हूं की चूं नाही.”

“गुणी आहे. बरं, येतेस कधी?”

“बघते.”

“जेवलीस का?”

“अहो बाबा, आत्ताच विचारलंत!”

“माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत गं. फोन लांबवायचा असतो.”

तेवढ्यात पलीकडे मुलीला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

हिशेबनिसांनी तो खिशात ठेवला आणि ते बाईंकडे वळले.

“तुम्ही जेवलात का?”