हातभर जागा

शिवणकाम करणारी एक बाई डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर नवरा-बायकोची कुजबुज चालली होती, पण ती अख्ख्या खोलीला ऐकू जात होती.

“अहो, आईचा नंबर आला की! आणि ती अजून गाडीतच.”

“पण गाडी कशी बसलीय बघ ना! एवढं फिरतं घर, आत पलंग, ओटा, अख्खा संसार, आणि साध्या मोटारीच्या जागेत! एक चाक रेघेबाहेर नाही.”

“आणि मागचं दार भिंतीला चिकटलंय, त्याचं काय? आई काय पुढच्या सीटवरून उड्या मारेल?”

“गाडी पुढे घेतली तर जागा जाईल गं. तिघं टपून बसलेत.”

“जागा हवी की सासू?”

“असं कोड्यात नको टाकूस.”

“इतकी चिकटवलीत कशाला?”

“तुझी आईच काचेतून हात हलवत होती. ‘येऊ द्या जावईबापू, भिंतीकडे अजून हातभर जागा आहे!’”

“मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेल्या बाईचं ऐकलंत?”

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“आई, घाबरू नकोस, आम्ही काढतो तुला.”

“छे गं, घाई नको. मी चहा टाकलाय. जागा चांगली आहे, सोडू नका. डॉक्टरांना सांग, यायचं फार मनात होतं, पण दारच उघडेना.”

बायकोने फोन ठेवला. मग किल्ल्या खुळखुळल्या.

“चल. गेली जागा तर गेली.”

शिवणकामवाली मागे वळली. “जा तुम्ही. आधी माझा नंबर घ्यायला सांगते. पण आजींना चहा पिऊ देऊ नका हं, ऑपरेशन आहे.”