वरच्या खोलीतली मशीन

दौलत : कान तपासून झालेत, मॅडम. दोन दोन डॉक्टरांनी तपासले. माझगाव डॉकात बत्तीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला, म्हणून कान वाजतात म्हणे. सवय करून घ्या म्हणाले.

डॉक्टर : मला कान नाही, कानामागचं हाड ऐकायचंय. टोपी काढा, काका. जरा बोलू नका.

दौलत : हे छातीला लावतात ना?

डॉक्टर : श्श... येतोय.

दौलत : काय येतंय?

डॉक्टर : आवाज. घर्रर्र, घर्रर्र. नाडीच्या ठोक्याबरोबर.

दौलत : तुम्हाला येतोय?

डॉक्टर : स्पष्ट.

दौलत : माझ्या डोक्यातला? तुम्हाला?... परत लावा. परत ऐका, मॅडम.

डॉक्टर : ऐकला. आता इथे बोटाने दाबते. काय वाटतं?

दौलत : कमी झाला! अर्धा झाला एकदम... राहू द्या बोट. थोडा वेळ राहू द्या.

डॉक्टर : किती दिवस आहे हे?

दौलत : दोन वर्षं. बायको गेली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात सुरू झालं.

डॉक्टर : हे साधं कान वाजणं नाही. तुम्ही आणलेल्या एमआरआयमध्येही खूण दिसते. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केसाहून बारीक नळ्यांची जाळी असते, तिथे रक्ताचा जोर उतरतो. तुमच्या कवटीत, कानामागे, ती जाळी सोडून धमनी थेट शिरेत उघडलीय. रक्त जोराने घुसतं, त्याचा आवाज.

दौलत : म्हणजे मशीन नव्हती.

डॉक्टर : कसली मशीन?

दौलत : शिलाईची. आमच्या चाळीत, काळाचौकीला, माझ्या डोक्यावरच्या खोलीत कमळाबाई राहायच्या. एकट्याच. परकर शिवायच्या. मला वाटलं, मोटार बसवलीय नि रात्रभर चालवतात. आधी नीट सांगितलं. मग भांडलो. चाळीची मीटिंग बोलावली, पोलिस चौकीत अर्ज दिला. बाई शपथेवर सांगत होती, दौलतभाऊ, दिवे लागले की मी मशीनवर पाय ठेवत नाही.

डॉक्टर : मग?

दौलत : गेल्या भाच्याकडे, वडाळ्याला. टेम्पो आला तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हटलं, आज झोपणार. आणि झोपायला गेलो तर आवाज आहेच. वर कुलूप, आणि आवाज आहेच.

डॉक्टर : कुणाला बोललात हे?

दौलत : कुठल्या तोंडाने?

डॉक्टर : काका, रक्ताची ती वाट बंद करावी लागेल. नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अँजिओग्राफी करून आधी पक्कं करू. मग मांडीतून बारीक नळी वर नेऊन जोड बुजवतात. थोडा धोका असतो, तो तुम्हाला नीट समजावून सांगतील. सोबत कोण येईल?

दौलत : मूलबाळ नाही. चाळीतले त्या अर्जापासून कामापुरतं बोलतात. सही मीच करतो. चालते ना माझी?

डॉक्टर : चालते.

(दीड महिन्यानंतर. तीच ओपीडी.)

डॉक्टर : काहीच नाही. एकदम शांत. तुम्हाला?

दौलत : मलाही नाही. जोड बुजवून शुद्धीवर आलो, तेव्हाच गेला.

डॉक्टर : झोप?

दौलत : लागते. मग पहाटे जाग येते, नळाला पाणी येईपर्यंत बसून राहतो. एवढं शांत माहीत नव्हतं मला. बायको होती तोवर घरात भांडी वाजायची, नंतर हे सुरू झालं... परवा वडाळ्याला जाऊन आलो.

डॉक्टर : कमळाबाईंकडे?

दौलत : तुमचा रिपोर्ट नेला होता. भाच्याने वाचून दाखवला. मी म्हटलं, बाई, आवाज माझ्याच डोक्यात होता. मी चुकलो. चाळीत सगळ्यांसमोर बोलतो, तुम्ही परत या.

डॉक्टर : काय म्हणाल्या?

दौलत : आधी रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, मशीन भाचसुनेला दिली, खोली विकायला काढलीय. आता या वयात किती वेळा सामान हलवू?

डॉक्टर : रागावल्या?

दौलत : रागावल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. चहा दिला. निघालो तर जिन्यापर्यंत आल्या.

डॉक्टर : आणि?

दौलत : आणि काय. म्हणाल्या, शेवटची पायरी मोडलीय, भाऊ. भिंतीला धरून उतरा.