पेट्रोलवालं मशीन

चहा होईस्तोवर एक सांगतो. मी मूळचा धुळ्याकडचा, पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी भुसावळला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाकडे माळी होतो. मडम वारल्यापासून त्या मोठ्या बंगल्यात साहेब एकटेच राहायचे. कामापुरतं मराठी बोलायचे.

हिरवळ कापायला मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पेट्रोलवालं घ्यायचं की विजेवालं?"

मी म्हणालो, "विजेवालं चांगलं शे साहेब. वासबी नही, आवाजबी नही."

साहेब बंगल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरात आधीच आवाज नाही. पेट्रोलवालं घेऊ."

ते मशीन इतकं धडधडायचं की शेजारच्या बंगल्यातली कुत्री भुंकत सुटायची. साहेब मात्र व्हरांड्यात खुर्ची टाकून ऐकत बसायचे. एका संध्याकाळी काम आटोपून मी मशीन बंद केलं, तर म्हणाले, "अजून थोडं चालव."

"साहेब, कापाले गवतच नही ऱ्हायनं."

"माहीत आहे."

बायको गेल्यापासून माझ्याही खोलीवर वाट बघणारं कोणी नव्हतं. मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि दिवेलागणीपर्यंत त्या कापलेल्या गवतावरून फिरवत राहिलो.