व्यंकटेशची रेघ

माझं पहिलं बालपुस्तक कसं निघालं म्हणून विचारताय, तर व्यंकटेशपासूनच सांगावं लागेल. हा आमच्या गल्लीतला, चादरींची नक्षी काढणारा. पुण्याच्या प्रकाशकबाईंना माझी हरवलेल्या शेळीची गोष्ट आवडली होती, पण चित्रकार मीच शोधायचा होता. व्यंकटेशला विचारलं तर म्हणाला, "काढतो की. फक्त घाई करू नको."

एकेक चित्र यायला लागलं. पहिल्या चित्रांत शेळीचा केस न् केस दिसायचा. पुढं रेघ जाड होत गेली, आणि शेवटी तर शेळी म्हणजे नुसते काळे फटकारे. मी भीतभीतच ती चित्रं पाठवली. बाई मात्र खूश झाल्या. "गोष्टीत अंधार पडत जातो तशी रेघ जाड होते. फार विचारानं काढलंय," म्हणाल्या.

पुस्तक आल्यावर मी त्याच्या घरी गेलो आणि हे सांगितलं. तो हसला. पुस्तक त्यानं डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडं धरलं आणि बायकोच्या हातात दिलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "शुगरनं डोळे गेले त्यांचे, भाऊजी. आता काय होत न्हाय म्हणले डॉक्टर."

"मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू दुसरा बघितला असतास," व्यंकटेश म्हणाला. मग बायकोकडं वळून त्यानं विचारलं, "शेवटचं पान काढ. शेळी ओळखू येती का?"

ती बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिली.

"येती की," म्हणाली.