केएनचे शब्द

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या हाडांच्या दवाखान्यात मुरगळलेला पाय घेऊन बसलेल्या आश्लेषाच्या कानावर समोरून मराठी पडलं आणि तिने हातातला फोन मुकाट्याने पर्समध्ये टाकला. समोर एक बाप, त्याची म्हातारी आई आणि शाळकरी मुलगी बसली होती.

“इशिता, केएनने सुरू होणारे अजून सांग. नाइफ झालं, नॉट झालं.”

“निटिंग. बाबा, कॅन वी स्टॉप?”

“शनिवारी स्पेलिंग बी आहे आणि स्टॉप काय! नी स्पेल कर.”

“के, एन, ई, ई.”

“व्हेरी गुड!”

“व्हेरी गुड काय, सत्यजित? इथे माझा गुडघा ठणकतोय आणि तू त्याचं स्पेलिंग घोटून घेतोयस!”

“आई, हळू बोल ना. लोक बघतायत.”

“बघू देत! आल्यापासून कानीकपाळी ओरडतेय मी. तुझं आपलं ‘अपॉइंटमेंट घेतो, घेतो’. पोरीच्या स्पर्धेची तारीख बरी लक्षात राहते!”

“आणलंय ना आता? डॉक्टरांशी मी बोलतो सगळं. तू काळजी करू नकोस.”

“बोलशील रे, पण सांगशील काय?”

तेवढ्यात दार उघडून नर्सने आजींचं नाव पुकारलं.

“व्हिच नी?”

“इट्स द... आई, कुठला गं? डावा की उजवा?”

आजी खुर्चीचा हात धरून उठू लागल्या.

“लेफ्ट,” इशिता म्हणाली. “जिना उतरताना आजी त्याच बाजूने माझा खांदा धरते.”

“चल गं माझी बाई. तुझ्या बापाला बसू दे इथेच, केएन घोकत.”